बर्फावरचा कापूस

परतूरच्या स्टेशन रोडवर, बाजार समितीच्या मागच्या फाटकासमोर, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन दुकानं आहेत. डावीकडे पुष्पाबाईंची पिठाची गिरणी आणि उजवीकडे नूरबीचं गाद्यांचं दुकान. गिरणीतून पीठ उडतं, दुकानातून कापूस. दुपारी दोनपर्यंत दोघींच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. मग पुष्पाबाई दारात येऊन विचारतात, "नूरबी, आज तू जास्त म्हातारी दिसून राह्यलीस का मी?" नूरबीचं उत्तर ठरलेलं असतं. "तुमचं पीठ धुतलं की निघतं बाई. माझा कापूस मेल्यावरच निघन."

नूरबीचं वय त्रेसष्ट. माहेर जाफराबादचं. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन परतूरला आली, तेव्हा तिचा नवरा अजमत खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडत असे. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान आणि तिला ताणून बांधलेली तात. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकायच्या. अजमत कापूस पिंजायचा, नूरबी खोळीत भरून टाके घालायची. पुढे विजेचं मशीन आलं आणि पिंजण भिंतीला टांगलं गेलं. अजमत जाऊन आता अकरा वर्षं झाली. मशीन त्यांचा मुलगा तन्वीर चालवतो, पण टाके अजून नूरबीच घालते. सुनेला तिनं सगळं शिकवलं, टाका मात्र हातचा सोडला नाही.

गादी पुरी झाली की नूरबी तिच्या एका कोपऱ्यावर लाल दोऱ्याची गाठ मारते. ही रीत अजमतच्या वडिलांपासूनची आहे. गाठीचा अर्थ गिऱ्हाइकांना ठाऊक असतो. पाच वर्षांच्या आत गादीत गोळा झाला तर परत आणा, पुन्हा भरून देऊ. शेहेचाळीस वर्षांत अशा दोन गाद्या परत आल्या. एक वाटूरहून आली, तिच्यावर घरातलं तान्हं मूल रोज ओलं करायचं, म्हणजे त्यात नूरबीचा दोष नव्हता. दुसरी परतूरचीच होती. ती का गोळा झाली हे नूरबीला आजवर कळलेलं नाही, आणि अधूनमधून दोरा ओवताना तिला ती गादी आठवते.

नऊ वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे भागवतनं फोमच्या गाद्यांचं दुकान काढलं. काचेचा दरवाजा, आत पंखे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या. लग्नाच्या गाद्या हळूहळू तिकडूनच जाऊ लागल्या. भागवत स्वभावानं चांगला. रस्त्यापलीकडून हाक मारून म्हणायचा, "मावशी, एकदा येऊन बसून तर बघा." नूरबी इकडून म्हणायची, "बसंन रे, पर घरी गेल्यावर माझ्या गादीला काय सांगू?" नऊ वर्षांत ती एकदाही तो रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेली नव्हती. फोमला ती 'वारा भरलेलं रबर' म्हणायची.

तन्वीरची थोरली मुलगी आसिफा. आता सतरा वर्षांची आहे. कापसाच्या धुळीनं तिला लहानपणापासून शिंका येतात, म्हणून ती दुकानात बसत नाही. निदान कारण तरी ती तेच सांगते. सुई हातात धरायची म्हटलं की तिला अभ्यास आठवायचा.

सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेत जालन्याच्या प्रीती मॅडम खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या. त्यांनी कुठून तरी वापरलेल्या चाकांच्या स्केटचे बारा जोड मिळवले. कापसाची खरेदी संपली की बाजार समितीचा सिमेंटचा ओटा मार्चपासून रिकामाच असतो. त्या ओट्यावर मॅडम मुलींना चाकांवरची हॉकी शिकवू लागल्या. आसिफाच्या वाट्याला जो जोड आला, त्याचं एक चाक सारखं निखळायचं. तिला पळता येईना. मॅडम म्हणाल्या, "तू जाळीसमोर उभी राहा, तुला पळायचं काम नाही." पंधरा दिवसांनी चाक दुरुस्त झालं, पण आसिफा जाळीसमोरून हलली नाही.

चेंडू लागून तिच्या नडग्यांवर निळे डाग पडायला लागले, तेव्हा नूरबीनं गादीपाटाचं निळ्या पट्ट्यांचं कापड घेऊन त्यात कापूस ठासून तिला पायाचे पॅड करून दिले. जालन्याच्या स्पर्धेत ते पॅड पाहून सगळ्या पोरी तिला 'गादीवाली' म्हणायला लागल्या. आसिफानं चार सामन्यांत एकच गोल होऊ दिला. त्यानंतरही नाव तेच राहिलं, पण म्हणायची तऱ्हा बदलली.

चाकांवरून बर्फावर जायला तिला दोन हिवाळे लागले. लेहला बर्फावरच्या हॉकीच्या शिबिराला प्रीती मॅडमनीच तिला नेलं. पहिल्या वर्षी ती रडत परत आली. दुसऱ्या वर्षी, जानेवारीच्या शेवटी, अठरा वर्षांखालच्या मुलींच्या भारताच्या संघात तिची निवड झाली. वीस मुली, बहुतेक लडाखच्या आणि हिमाचलच्या. गोलरक्षक दोन, एक लडाखची डोल्कर आणि दुसरी परतूरची आसिफा. एप्रिलमध्ये आखातातल्या एका शहरात, छपराखालच्या कृत्रिम बर्फावर, आशियातल्या सहा देशांच्या मुलींची स्पर्धा होती.

फेब्रुवारीत आसिफा घरी आली, ती बर्फावरचे पॅड घेऊन. मांडीपर्यंत येणारे, उशीसारखे जाड, परदेशातून कुणीतरी देणगी दिलेले जुने पॅड होते ते. बाहेरचं कापड धड होतं, पण आतल्या फोमचा भुगा झाला होता. दाबलं की शिवणीतून पिवळी पूड गळायची. नवे पॅड मिळणार नव्हते. कोच सरांनी सांगितलं होतं की घरी दुरुस्त करून आणा, फक्त रुंदी वाढता कामा नये, पंच मोजतात.

प्रीती मॅडम म्हणाल्या, "नूरबी, समोर भागवतकडे चांगला फोम मिळेल. तेवढा आणून भरू या."

"मॅडम, माझ्या घरात कापसाचे ढीग पडलेत," नूरबी म्हणाली, "आन् माझ्या नातीच्या पायाला मी त्याचं रबर बांधू?"

रस्त्यापलीकडून भागवतनं हे ऐकलं असावं. तो म्हणाला, "मावशी, तुकडे तसेच पडलेत माझ्याकडं. घेऊन जा."

"ठेव तुझ्याकडंच. तुझ्या गिऱ्हाइकांच्या मानेखाली घालायला लागतील."

नूरबीनं शिवण उसवली. प्रत्येक कप्प्याच्या मापाचा कागद कापून ठेवला. त्या वर्षीचा सगळ्यात लांब धाग्याचा कापूस तन्वीरकडून दोनदा पिंजून घेतला. भरण्याआधी तिनं आसिफाला विचारलं, "बर्फावर हे भिजत असन ना गं?"

"न्हाई दादी. तिथला बर्फ कोरडा असतो. दगडासारखा. भुगा उडतो, झटकला की जातो."

लेहच्या उणे वीस अंश थंडीपुरतं ते अगदी खरं होतं. नूरबीनं बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, लाकडाच्या भुशात ठेवलेला. आपल्यापेक्षा पोरीला बर्फातलं जास्त कळतं, असं तिनं धरलं.

पॅडच्या आत प्लास्टिकचं अस्तर होतं. नूरबीनं ते काढून टाकलं. प्लास्टिकमध्ये कापूस घामेजतो आणि कुजतो. शिवाय आतल्या बाजूला, पट्ट्याखाली दिसणार नाही अशी, तिनं बोटभर फट ठेवली. प्रत्येक गादीला ती अशी फट ठेवतेच. कापसाला वारा लागला पाहिजे, ही तिनं सुनेला शिकवलेली पहिली गोष्ट. मग दोन-दोन बोटांवर टाके घातले, कोपरानं दाबून पाहिलं, आणि कोपऱ्यावर लाल दोऱ्याची गाठ मारली.

आसिफा हसली. "ह्याला कशाला दोरा? मी काय गिऱ्हाईक ए?"

"काम ते काम," नूरबी म्हणाली, आणि दाभण व दोऱ्याचं रीळ तिच्या सामानाच्या पिशवीत तळाशी घालून दिलं.

तिकडे गेल्यावर पंचांनी पॅड मोजले. एका सुताचाही फरक निघाला नाही. कोच सरांनी विचारलं, कुणी भरले? आसिफानं अभिमानानं सांगितलं, माझ्या दादीनं. पहिला सामना डोल्कर खेळली. दुसऱ्यात आसिफाला शेवटची वीस मिनिटं मिळाली आणि तेवढ्यात गोल झाला नाही. तिसरा सामना पूर्ण तिचा होता. तारीख सतरा एप्रिल, गुरुवार. परतूरला त्या दिवशी बेचाळीस अंश ऊन होतं.

पुष्पाबाईंनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवून दळणाला आलेल्यांना बाकावर बसवलं. तन्वीरचा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. समोर हिरव्या कपड्यांतल्या पोरी आणि आपल्या निळ्या. बर्फावर चेंडू नसतो, काळी रबरी चकती असते.

"ती काळी टिकली कुठं गेली?" पुष्पाबाई सारख्या विचारत होत्या. "मला तर टिकली दिसतच न्हाई."

"टिकली नका बघू, आसिफाकडं बघा," तन्वीर म्हणाला. "ती खाली बसली की समजायचं, आली म्हणून."

पहिल्या वीस मिनिटांत आसिफा खाली बसली, उठली, सरकली, आणि जाळीत काही गेलं नाही. मध्ये थांबले तेव्हा बर्फ गुळगुळीत करायला एक मोठी गाडी पाणी सोडत फिरली. पडद्यावर सगळ्या मैदानभर ओला चकचकाट दिसत होता. दुसऱ्या भागात दोन गोल झाले. तिसऱ्यात चार. सामना सहा-एकनं गेला.

बाकीचे लोक गोल मोजत होते, पण नूरबी नातीचं उठणं पाहत होती. पोरगी दोन्ही गुडघ्यांवर खाली जात होती, पण उठताना उजव्या पायावर जोर देऊन डावा पाय मागून ओढत होती. हे उठणं नूरबीनं आयुष्यात शंभरदा पाहिलं होतं. गच्चीवर वाळत घातलेली गादी अवकाळी पावसात सापडली की ती उचलणारी बाई अशीच एका बाजूनं वर येते.

"रुई भिजली," नूरबी म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

गावच्या ग्रुपवर तोवर एकानं लिहिलं होतं, गादीवाल्यांची पोरगी, झोप लागली असंल. तन्वीरनं ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

संध्याकाळी पाचला आसिफाचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"आसू, पॅड भिजले का गं?"

"न्हाई दादी," प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. "गुडघा दुखून राह्यला माझा. डावा. सरांना सांगितलंय मी."

"मंग परवाचा सामना?"

"डोल्कर खेळणार ए."

परवाचा सामना शेवटचा होता, तिसऱ्या नंबरासाठी.  लहानपणी आसिफा खोटं बोलायची तेव्हाही असंच, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत बोलायची.

फोन ठेवल्यावर नूरबी तन्वीरला म्हणाली, "तिच्या गुडघ्याला काय झालं न्हाई. माझं काम बिघडलंय, आन् पोरगी माझ्यावर पदर घालून राह्यली. त्या सरांचा नंबर दे."

तन्वीर घाबरला. "अम्मी, गप बसा. गुडघा दुखला तर लोक हळहळतात. उद्या कळलं की घरचं रद्दी सामान घेऊन आल्ती, तर पुन्हा कोण बोलावणार तिला? आन् आपल्या दुकानाचं काय? परतूरभर होईल."

 नूरबी दुकानात टांगलेल्या पिंजणाकडे पाहत बसली. दुकानाचं नाव जाईल हे खरं होतं. समोरचा फोमवाला रोज डोळ्यांसमोर, त्याला काय वाटेल हेही तिच्या मनात आलं. पण दुसरी एक गोष्ट तिला त्याहून टोचत होती. पुष्पाबाईंच्या धाकट्या मुलानं एकदा पोलीस भरतीला जाताना सहज गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. पुढे दोन वर्षं प्रत्येक ठिकाणी त्याचा गुडघाच आधी तपासला गेला. कापूस काढून दुसरा भरता येतो. पोरीच्या नावापुढे एकदा गुडघा लिहिला गेला, तर तो उसवता येणार नाही.

"नंबर दे," ती पुन्हा म्हणाली.

प्रीती मॅडमनी फोन जोडून दिला. कोच सर हिमाचलचे. नूरबी घरात बोलायची त्या दख्खनीतच त्यांच्याशी बोलली.

"साहब, मैं आसिफा की दादी बोलती. पोरी के घुटने को कुछ नै हुआ. पॅड मैंने भरी थी, कापूस भरी, और हवा के वास्ते फट रखी. उसमें से पानी गया. गलती मेरे हात की है. वो मेरे को बचाने कू झूठ बोली."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अम्माजी, रिपोर्ट लिखकर रखी है मैंने. घुटना लिखा है. अभी भेजी नहीं."

"तो मत भेजो."

त्यांनी आसिफाला बोलावलं, पॅड मागवले, हातात उचलून पाहिले. पंधरा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. एकेक पॅड दगडासारखा जड झाला होता. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी सामना नाही. व्यायामाच्या जाड मॅट आहेत, त्या कापून भरता येतील. दुपारी तीनपर्यंत पॅड धड झाले तर ते शनिवारचा विचार करतील. वचन देत नाहीत. "पर भरेगा कौन? उसको आता है?"

"नै आता," नूरबी म्हणाली. "मैं बोलूँगी, वो करेगी."

बोलून गेली खरी. मग तिच्या ध्यानात आलं की मॅट म्हणजे फोम, आणि फोम कसा भरतात हे तिला स्वतःलाच ठाऊक नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला भागवत दुकानाची काच पुसत होता. रस्ता ओलांडून नूरबी आलेली पाहून त्याचा हात थांबला.

"मावशी, आज इकडं कुणीकडं? रस्ता चुकला का?"

"न्हाई," नूरबी म्हणाली. "शिकायला आलेय."

तिनं त्याला सगळं सांगितलं. अस्तर काढलं तेही आणि फट ठेवली तेही. भागवत ऐकत राहिला. नऊ वर्षांची उधारी एका वाक्यात फेडून घ्यायची संधी होती, आणि ती त्याच्या तोंडावर येऊन गेल्याचं नूरबीला दिसलंही. पण त्यानं खालून फोमचे दोन तुकडे काढले, दातेरी सुरी घेतली आणि फरशीवर मांडी घालून बसला.

"बसा मावशी. तुमचा कापूस कसा, खोळीत घातला की आपली जागा आपण शोधतो. फोमचं तसं न्हाई. तो जसा कापला तसाच राहतो. म्हणून कप्प्यापेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा आन् दाबून आत घालायचा. बाहेरच्या अंगाला टणक, पायाच्या अंगाला मऊ. कडा तिरप्या कापा, न्हाईतर कोपरे दिसतात."

"आन् टाके किती बोटांवर?"

"टाके घालायचेच न्हाईत."

नूरबीनं मान वर केली.

"टाका घातला की भोक पडतं, भोकातून पाणी जातं. भरलेल्या भागाला सुई लावायची न्हाई. फक्त तोंड शिवायचं."

"मंग ते आत हलत न्हाई?"

"बराबर घट्ट बसलं तर बिलकुल हलत न्हाई."

नूरबीनं तुकडा मांडीवर घेतला आणि सवयीनं कोपरानं दाबला. तो खाली गेला आणि कोपर काढताच वर आला. तिनं पुन्हा दाबून पाहिला. मग दुसऱ्या तुकड्याला सुरी लावून तिरपी कड कापून पाहिली. पहिली वाकडी गेली. तिसऱ्यांदा जमली.

"बरा ए," ती म्हणाली.

"नऊ वर्षांनी का होईना," भागवत म्हणाला. एवढाच टोमणा त्यानं मारला, आणि चहा मागवला.

बाराच्या सुमाराला तन्वीर जुम्म्याच्या नमाजला गेला. जाताना मोबाइल नूरबीच्या हातात देऊन, कुठं दाबायचं ते दाखवून गेला. पडद्यावर एक खोली दिसली, ओल्या कपड्यांनी भरलेली. मधोमध आसिफा जमिनीवर बसली होती आणि तिच्याजवळ डोल्कर पॅडचं एक टोक धरून बसली होती.

"दादी," आसिफा म्हणाली, "तुम्ही सरांना का सांगितलं?"

"लाल दोरा दिसतो का कोपऱ्यात?"

"दिसतो."

"मंग काम परत आलंय. चल, उसव."

आसिफानं शिवण उसवली. आतून कापूस निघाला तो ओल्या मेंढीच्या लोकरीसारखा, करड्या रंगाचा, गोळ्यागोळ्यांचा. नूरबी तो पाहत राहिली. दोनदा पिंजलेला, लांब धाग्याचा. पिळला तर पाण्याची धार लागली असती. तिनं फक्त विचारलं, "सगळा निघाला? कोपऱ्यात बोट घालून बघ."

मग कापणं सुरू झालं. नूरबी सांगत होती, तिच्या खांद्यामागून भागवत सांगत होता, आणि गिरणीतून येऊन पुष्पाबाई, कुणी विचारलं नसताना, सांगत होत्या. मॅट कापायला तिकडे नुसती कात्री होती. पहिला तुकडा लहान झाला. आसिफा चिडली.

"मला न्हाई जमत दादी."

"मला बी सकाळी जमलं न्हाई. दुसरा घे."

प्लास्टिकच्या जाड पिशव्या उभ्या फाडून अस्तर केलं. फोम दाबून आत बसवायला डोल्कर गुडघ्यानं रेटत होती आणि दोघी हसत होत्या. शेवटी तोंड शिवायची वेळ आली. आसिफानं पिशवीच्या तळातून दाभण काढलं. ते धरताना तिची बोटं अवघडली होती.

"दादी, फट किती ठेवू?"

भागवतनं रस्त्याकडे पाहिल्यासारखं केलं. 

"ठेवू नको," नूरबी म्हणाली. "शेवटपर्यंत शिवून घे."

पावणेतीनला दोन्ही पॅड पुरे झाले.

शनिवारी गिरणीत बाकावर भागवतही येऊन बसला. समोर पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी होत्या. कोच सरांनी सुरुवातीला डोल्करलाच उभं केलं. पहिल्या भागात एक गोल झाला. मध्ये ती गाडी पाणी सोडत फिरून गेली, आणि दुसऱ्या भागासाठी जाळीसमोर आली ती आसिफा.

नूरबीनं काळी टिकली पाहायचा प्रयत्नही केला नाही. ती खाली बसण्या-उठण्याकडे पाहत होती आणि बोटांच्या पेरांवर मोजत होती. आसिफा खाली गेली, उठली. डावीकडे सरकत गेली, उठली. आपल्या पोरींनी एक गोल फेडला तेव्हा पुष्पाबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पीठ उडालं. शेवटच्या भागात पांढऱ्यांनी एक गोल केला. आसिफाच्या डोक्यावरून गेला, पायाचा तिथं काही संबंध नव्हता. त्यानंतर सहा मिनिटं बाकी होती, पण बरोबरी झाली नाही.

"म्हंजे हरलो का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"हरलो," तन्वीर म्हणाला. "दोन-एक. चौथा नंबर."

"चाळीस येळा खाली बसली," नूरबी म्हणाली. "चाळीस बी येळा दोन्ही पायांवर उठली."

भागवतनं हळूच विचारलं, "हलला न्हाई ना आतून?"

"न्हाई."

गावात ही गोष्ट दोनच दिवसांत पसरली. ती पसरवली नूरबीनंच. जो येईल त्याला ती सांगायची की पोरीचा दोष नव्हता, भरण्यात माझी चूक झाली. काही लोक हसले. एक गिऱ्हाईक आपली गादी तपासून घ्यायला आलं, आणि नूरबीनं ती मुकाट्यानं उसवून, दाखवून, पुन्हा शिवून दिली. त्या गादीत गोळा नव्हता. महिन्याभरानं प्रीती मॅडमनी सांगितलं की हिवाळ्यातल्या शिबिराच्या यादीत आसिफाचं नाव आहे आणि नावापुढे दुसरं काही लिहिलेलं नाही.

पण ते नंतरचं. आसिफा परतूरला उतरली ती बुधवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं. घरी न जाता ती आधी दुकानात आली. पाठीवर सामानाची पिशवी, खांद्यावर पॅड, हातात एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत वाळून कडक झालेला करडा कापूस होता.

"हा कशाला वागवत आणलास एवढ्या लांबून?" नूरबी म्हणाली. "फेकायचा ना."

"तुमचा ए म्हणून आणला."

नूरबीनं कापूस बोटांत धरून ओढून पाहिला. धागा अजून शाबूत होता. उन्हात टाकून, पुन्हा पिंजून, एखादी उशी झाली असती. पिशवी तिनं बाजूला ठेवली आणि पॅड मांडीवर घेतला. कोपरानं दाबला. मग शिवण पाहिली. टाके वाकडे होते, कुठे जवळ, कुठे लांब. मधले चार-पाच मात्र सरळ रेषेत आले होते. कोपऱ्यावर लाल दोऱ्याची नवी गाठ होती.

"ही कुणी मारली?"

"मी."

नूरबीनं गाठ नखानं चाचपली. "मंग आता हे बिघडलं तर माझ्याकडं यायचं न्हाई. तुझ्याकडं यायचं."

"हो."

"हे शेवटचे तीन टाके ढिले ए. उसव आन् पुन्हा घाल," नूरबी म्हणाली, आणि दाभण तिच्यापुढे धरलं. आसिफानं पाठीवरची पिशवी उतरवली, दोनदा शिंकली, आणि कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसली.